घरगुती घातक कचऱ्याचं संकलन केंद्र: काही घडलं तर पहिल्या दोन मिनिटांत कोण काय करणार?

आमच्या केंद्राच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. टेबलामागे बाटल्यांचा ढीग वाढत चालला होता, म्हणून एका मदतनीस मुलाने जागा करायला दोन अर्धवट बाटल्या एकाच कॅनमध्ये ओतल्या. एकीत कपड्यांचं ब्लीच होतं, दुसरीत संडास साफ करायचं ॲसिड. कॅनच्या तोंडाशी फेस आला, पिवळट वाफ दिसली आणि तो मुलगा खोकत मागे सरकला. टेबलावर बसलेल्या मावशींनी त्याला दंडाला धरून ओढलं, बाकीच्यांना ओरडून बाहेर काढलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सर, गेट लावू का?"

तेवढ्यात एक स्कूटर आत आली. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये लहान मुलगी. मी फोनमध्ये नंबर शोधत होतो. मावशींच्या प्रश्नाला "लावा" म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं. मुलगा एक रात्र रुग्णालयात राहून बरा झाला, स्कूटरवाल्यांनाही काही झालं नाही. पण काय करायचं ते मावशींना माझ्याआधी कळलं होतं आणि तरीही त्यांना मला विचारावं लागलं, हे मी विसरलेलो नाही.

नवीन केंद्र सुरू करणारे लोक अग्निशामक किती घ्यायचे, ड्रम कुठले घ्यायचे हे विचारतात. ते पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट ठरवा: गेट बंद करायचा अधिकार कोणाचा? आमच्याकडे तो आता टेबलावर बसणाऱ्या माणसाचा आहे. तिथे कचरावेचक मावशी असोत की कॉलेजात शिकणारा स्वयंसेवक, त्यांनी कोणाला विचारायचं नाही. उगाच बंद केलं म्हणून कोणी त्यांना एक शब्द बोलायचा नाही. हे पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलून घ्या, वॉर्डाच्या मुकादमांसमोरही. कागदावर लिहून सही घेतलीत तर आणखी चांगलं.

आपल्याकडे येतं काय?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचरा हा वेगळा प्रकार मानला. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज हे सगळं त्यात येतं. दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून लहान क्षेत्राला एक संकलन केंद्र हवं, हेही त्याच नियमांत सांगितलं होतं. केंद्रावरचा माल पुढे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रांकडे जातो. गाडी येईपर्यंत मात्र तो तुमच्या शेडमध्ये असतो, आणि धोका असतो तो याच मुक्कामात. म्हणून गाडी महिन्यातून एकदा येत असेल तर ती पंधरवड्याला यावी यासाठी महापालिकेच्या मागे लागा. आपत्कालीन आराखड्यातलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

जागा बघताना

फरशी किंवा काँक्रीट हवं, माती नको. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, म्हणजे वाफ साठत नाही. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. आमच्या पहिल्या जागेला एकच होती आणि तिच्याच तोंडाशी आम्ही थिनरचे डबे ठेवले होते. नळ हवाच. शेजारी अंगणवाडी असेल तर ती जागा सोडून द्या, भाडं कितीही कमी असो.

उतार कुठे जातो ते पाण्याची एक बादली ओतून बघा. पाणी गटाराच्या जाळीकडे धावलं तर तिथे वाळूच्या चार पिशव्या कायम ठेवा, कारण सांडलेलं कीटकनाशक किंवा आग विझवल्यावर वाहणारं पाणी त्याच वाटेने नाल्यात आणि तिथून नदीत जाणार. प्रत्येक पातळ पदार्थ उंच काठाच्या ट्रेमध्ये ठेवायचा. त्या ट्रेमधल्या सगळ्यात मोठ्या कॅनमधलं सगळं सांडलं तरी ट्रेमध्ये मावून वर थोडी जागा उरली पाहिजे.

शेडच्या कोपऱ्याला उंच काठीवर कापडाची एक पट्टी बांधा. वारा कुठून येतोय हे गोंधळाच्या वेळी कोणाला आठवत नाही, पट्टी बघितली की कळतं. आमच्याकडे जुन्या नारिंगी साडीचा काठ आहे, लांबूनही दिसतो.

खरी तयारी टेबलावर होते

आग किंवा गळती होते ती मागे शेडमध्ये, पण तिची सुरुवात बहुतेक वेळा पुढच्या टेबलावर झालेली असते. माणूस पिशवी घेऊन येतो, घाईत असतो, "काही नाही हो, घर आवरलं त्यातलं आहे" म्हणतो. इथे तीन प्रश्न विचारायचे: यात काय आहे, मूळ बाटलीतच आहे का, आणि कधीपासून पडून आहे? पिशवी त्याच्याच हाताने टेबलावर रिकामी करून घ्या. आपण आत हात घालायचा नाही, सुई असू शकते.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरलेलं काहीही आलं तर ते अनोळखी समजायचं. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. मी हे अनुभवी लोकांनाही करताना पाहिलंय आणि दर वेळी छातीत धस्स होतं. झाकण न उघडता ती बाटली वेगळ्या ट्रेमध्ये जाते, वर "अनोळखी" अशी चिठ्ठी.

काही वस्तू आपण घेत नाही: न उडालेले फटाके, गॅसचे सिलिंडर, कारखान्यातले ड्रम. पण नुसतं नाही म्हणून माणसाला परत पाठवलं तर ती वस्तू पुढच्या चौकातल्या कचराकुंडीत पडणार आणि उद्या पहाटे ती कोणातरी कचरावेचक बाईच्या हातात येणार. म्हणून आमच्याकडे "थांबा" नावाची एक जागा आहे. शेडपासून लांब, सावलीत, भोवती पांढरा चौकोन. घेता न येणारी वस्तू तिथे ठेवतो, माणसाचा फोन नंबर घेतो आणि अग्निशमन दलाला किंवा पोलिसांना कळवतो. या चौकोनातल्या वस्तूला आपल्यापैकी कोणी पुन्हा हात लावत नाही.

आणि केंद्रावर काहीही कशातही ओतायचं नाही. जागा कमी पडली तर केंद्र लवकर बंद करा.

या वस्तू पक्क्या ओळखा

*धान्यातल्या गोळ्या.* सगळ्यात जास्त भीती मला यांची वाटते. गव्हाला कीड लागू नये म्हणून लोक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवतात. दमट हवा किंवा पाणी लागलं की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा भर पावसात आले. छत्री बगलेत, हातात वर्तमानपत्राची ओलसर पुडी. "धान्यातल्या गोळ्या आहेत, बघा" म्हणाले. कागदाला सडलेल्या मासळीसारखा, लसणासारखा वास येत होता. टेबलावरच्या ताईंनी पुडी हातात घेतली नाही. "आजोबा, ती खाली त्या ओट्यावर ठेवा आणि इकडे या" म्हणून त्यांना दहा पावलं, वारा जिकडून येत होता त्या बाजूला आणलं, शिट्टी वाजवली, गेट लावलं. ओटा छपराखाली होता, त्यामुळे पुडी आणखी भिजली नाही. अग्निशमन दल येईपर्यंत कोणी तिकडे फिरकलं नाही. आजोबांना आम्ही लगेच रुग्णालयात पाठवलं, कारण पुडी त्यांनी घरापासून हातात आणली होती. या गोळ्यांवर पाणी कधीही टाकायचं नाही, बंद खोलीत ठेवायच्या नाहीत, डबी उघडून मोजायच्या नाहीत.

*ब्लीच आणि ॲसिड.* दोन्ही एकत्र आले की क्लोरीन तयार होतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत आणि खोलगट जागेत साठतो. खाली बसून खोकणाऱ्या माणसाला आधी उठवून उंच, मोकळ्या जागेकडे न्या. ब्लीच आणि अमोनियाचे क्लीनरही एकत्र येऊ देऊ नका. ब्लीचिंग पावडर तेल, थिनर, लाकडाचा भुसा यांच्यापासून लांब आणि कोरडी ठेवा.

*लिथियम बॅटऱ्या.* मोबाइल, पॉवर बँक, ई-बाइक यांच्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून एकेक वेगळी ठेवायची, पत्र्याच्या डब्यात एकत्र टाकायची नाही. फुगलेली असेल तर बाहेर मोकळ्यावर, कोरड्या वाळूच्या बादलीत. पेटली तर पावडरने ज्वाळा विझते पण आतली उष्णता राहते आणि ती पुन्हा पेटते. ती थंड करायला भरपूर पाणी लागतं, तेही लांबून, आणि तिचा धूर अजिबात छातीत घ्यायचा नाही.

*जवसाच्या तेलाची फडकी.* फर्निचरला पॉलिश करणारे घेऊन येतात. चुरगळून ठेवलेलं असं फडकं आपोआप तापत जातं आणि काडी न लावता पेटतं. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा.

*पारा.* थर्मामीटर फुटला तर झाडू आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्ही वर्ज्य, त्याने पारा पसरतो आणि त्याची वाफ वाढते. लोकांना बाजूला करा, हवा खेळू द्या, जाड पुठ्ठ्याने थेंब गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, सगळं झाकणाच्या बरणीत. ट्यूबलाइटमध्ये पारा अगदी थोडा, काही मिलिग्रॅम असतो, तरी रीत तीच.

*कीटकनाशकं.* २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शहरातल्या गच्चीवरच्या बागेसाठी आणलेल्या बाटलीतही त्याच प्रकारचं विष असू शकतं, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. लाळ गळणं, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, मळमळ यांपैकी काही दिसलं की थांबायचं नाही. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत द्या, डॉक्टरांचा वेळ वाचतो.

मच्छरांचे आणि डिओचे स्प्रे साधे वाटतात. त्यांच्यावर ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ठेवलेला डबा किती तापतो ते तुम्हाला माहीत आहेच.

सामान आणि अंगावरचे कपडे

नायट्राइलचे जाड हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, बंद बूट. चपला चालत नाहीत. ओढणी आणि पदर खोचलेले हवेत. कापडी मास्कने वायू अडत नाही, एन-९५ नेही नाही. हे सगळ्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर मास्क आहे म्हणून कोणीतरी वाफेत शिरेल.

कोरडी वाळू दोन बादल्या, खायचा सोडा पाच किलो, फावडं, घमेलं, झाकणाचा रिकामा ड्रम. थिनर किंवा रॉकेल सांडलं तर वाळू. ॲसिड सांडलं तर कडेकडेने आत सोडा टाकत यायचं, फेस थांबेपर्यंत. लाकडाचा भुसा आम्ही ठेवतच नाही, चुकीच्या पदार्थावर पडला तर आग लागू शकते.

डोळ्यांत काही उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. दोन मिनिटांत माणूस "बरं वाटतंय" म्हणतो. त्याला सोडू नका, घड्याळ लावा. नळ टेबलापासून दहा पावलांच्या आत हवा आणि वाटेत काही ठेवलेलं नसावं.

एबीसी पावडरचे किमान दोन अग्निशामक घ्या आणि ते बाहेर पडायच्या वाटेवर टांगा, आत कोपऱ्यात नको. आग बादलीएवढी आहे, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी आहे आणि ती कीटकनाशकांच्या रॅकजवळ नाही, अशा तिन्ही गोष्टी असतील तरच हात घाला. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. एक सिलिंडर संपला आणि आग राहिली तर निघून जा.

घडलंच तर

भिंतीवर मोठ्या अक्षरांत आम्ही लावलेला कागद असा आहे:

१. ज्याला आधी दिसेल त्याने तीन लांब शिट्ट्या.
२. टेबलावरच्या माणसाने गेट बंद. आत येणारा थांबेल, बाहेर जाणारा जाईल.
३. सगळे पट्टी बघून वारा जिकडून येतोय त्या बाजूला, कडुनिंबाखाली.
४. वहीधारकाने डोकी मोजायची.
५. फोनवाल्याने फोन.

फोन कोण करणार हे त्या दिवसाच्या सकाळीच नाव घेऊन ठरतं. "कोणीतरी करा" म्हटलं की कोणीच करत नाही. १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, काहीच आठवलं नाही तर ११२. विषबाधेचा सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर. काय बोलायचं तेही फोनशेजारी लिहिलेलं आहे, कारण घाबरल्यावर पत्तासुद्धा सुचत नाही:

"घातक कचरा संकलन केंद्रावरून बोलतोय. पत्ता हा, खूण ही. क्लोरीनसारखा वास येतोय. दोन जणांना खोकला आहे. आत आता कोणी नाही. वारा पश्चिमेकडून आहे, गाडी पश्चिमेच्या रस्त्याने आणा."

शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर मदतीला येणारे थेट धुरात येतात.

डोकी मोजताना एक कमी भरलं तरी आपण आत शिरायचं नाही. हे ऐकायला कठोर वाटतं. पण वायूत पडलेल्या माणसाला काढायला गेलेला दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा हे आपल्या गटारांच्या आणि टाक्यांच्या सफाईत वर्षानुवर्षं घडत आलं आहे. कोण आत आहे, शेवटचा कुठे दिसला होता, हे दलाच्या जवानांना सांगा.

वायू छातीत गेलेला माणूस तासाभरात ठीक दिसू लागतो. त्याला घरी सोडू नका. क्लोरीन आणि फॉस्फिनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, फुप्फुसांत पाणी होऊ शकतं. रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना वायूचं नाव सांगायचं. त्यासाठी केंद्र सुरू करण्याआधीच एकदा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन या, विषबाधेचे रुग्ण रात्रीही घेतात का ते विचारा. अग्निशमन केंद्रालाही अशीच एक भेट द्या आणि अधिकाऱ्यांना तुमची शेड दाखवा. शेजारच्या सोसायट्यांना तीन शिट्ट्यांचा अर्थ सांगून ठेवा: खिडक्या लावा, घरातच थांबा.

रंगीत तालीम

दर तीन महिन्यांनी, न सांगता. आम्ही हळदीचं पाणी सांडतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या तालमीत गेटच्या कुलपाची किल्ली वॉचमनकाकांकडे निघाली आणि काका चहाला गेले होते. आता किल्ली टेबलालाच दोरीने बांधलेली आहे. दुसऱ्या तालमीत कळलं की आमच्यातल्या दोघींना भिंतीवरचा कागद वाचता येत नाही, कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून चित्रं काढली: शिट्टी, गेट, झाड, बोटं, फोन. तालमीनंतर चहा होतो आणि पहिलं बोलायचं टेबलावरच्या माणसाने, आयोजकाने शेवटी. काय अडलं ते वहीत लिहायचं, तारखेसह. खरंच काही घडलं तर त्याच वहीत: काय होतं, कोणी हाताळलं, कोणाला काय त्रास झाला, कपड्यांचं काय केलं.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी

फुगलेल्या बॅटऱ्या आत राहिल्या नाहीत ना, ते बघा. झाकणं तपासा. "थांबा" चौकोन रिकामा झाला का, ते बघा. मग एका कागदावर आत काय आहे आणि साधारण किती आहे ते लिहा: थिनर दोन कॅन डावीकडे, ब्लीच मागे, कीटकनाशकं उजव्या रॅकवर, अनोळखी बाटल्या तीन. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेटच्या बाहेरच्या बाजूला, कुलपाशेजारच्या पेटीत ठेवा आणि पेटीवर लाल रंगात "अग्निशमन दलासाठी" असं लिहा. आग रात्री दोन वाजता लागली तर तिथे तुम्ही नसाल, हा कागद असेल.